गारपेठेची सून

"दोन चहा द्या, आणि आधी जरा पाणी," मी म्हणाले, आणि स्टोव्हला पंप मारणाऱ्या बाईचा हात जागच्या जागी थांबला.

तळवड रोड स्टेशनाबाहेरची ती टपरी. आगगाडी आम्हाला उतरवून नुकतीच पुढे गेली होती. मार्गशीर्षातली सकाळ. धुकं इतकं, की समोरचं वडाचं झाड नुसतं बुंध्यापुरतं उरलं होतं. वर गारपेठेला जाणारी एस.टी. कुठं लागते ते बघायला हे गेले होते. मी ट्रंकेवर बसले होते, डोक्यावरून पदर भुवयांपर्यंत ओढून आणि वर शाल घेऊन.

बाई उठून माझ्यापाशी आली, वाकली.

"अगं माझ्या बाई! आलात व्हय परत?"

मी गोंधळले. बार्शी सोडून एवढ्या लांब मी जन्मात आले नव्हते. लग्न होऊन आठवडा होत होता. नवी नवरी परत कशी येईल?

"तुमचं काहीतरी चुकतंय, मावशी."

"चुकतंय कशाचं! तुमाला खाली नेलं तवा चौघांनी उचलून गाडीत ठिवलं व्हतं. मी मनात म्हनलं, ही पोर काय आता ह्या वाटंनं परत येत न्हाई. पर आलात!" तिनं माझ्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "तोंड पार बदललं बगा आजारानं. आवाज तेवढा त्योच ऱ्हायलाय."

तेवढ्यात हे आले. बाई त्यांना म्हणाली, "शेट, देवानं लाज राखली बगा तुमची." तिनं ओतून दिलेला चहाचा कप ह्यांनी उचलला, न पिताच खाली ठेवला आणि मला म्हणाले, "चल, गाडी लागलीय."

बाईची चूक त्यांनी दुरुस्त केली नाही. तेवढं मात्र माझ्या लक्षात राहिलं.

मी बार्शीच्या कोऱ्यांची नीलावती. आमची जात लिंगायत वाण्याची. सतराव्या वर्षी माझं लग्न ठरलं, आणि हळद लागायच्या आधीच नवरा मुलगा तापानं गेला. तेव्हापासून गल्लीत माझं नाव झालं ते झालं. बारशाला मला कुणी बोलवत नसे. सकाळी मी नळावर गेले की बायका आपापली लेकरं पदराआड घेत. तोंडावर कुणी काही बोलायचं नाही, नुसतं घेत. सत्ताविसावं सरलं तेव्हा हे स्थळ आलं. बिजवर, गारपेठेचे गुरुलिंग शेटे, फुटाण्यांची भट्टी आणि दुकान, घरी एकटी म्हातारी आई. पहिली बायको आजारानं गेलेली, मूलबाळ नाही.

बघायला आले तेव्हा मी आतल्या खोलीत होते. दुसऱ्या चहाचं आधण ठेवून काकूला विचारलं, "चहात आलं घालू का?" तेवढ्यात बाहेर कपबशी पडल्याचा आवाज झाला. मी समोर जाऊन बसले तर पाहुण्यांच्या धोतरावर चहा सांडलेला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जमिनीकडे बघत एवढंच म्हणाले, "मला पसंत आहे." काका म्हणाले, माणूस लाजाळू दिसतो. मलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मला न बघता कुणी पसंत केलं म्हणजे माझा पायगुणही बघितला नाही, असा मी माझ्यापुरता अर्थ लावला.

एस.टी.त गर्दी नव्हती. घाटाला सुरुवात झाली तशी खिडकीबाहेरची जमीन नाहीशी झाली. गाडी चढत होती हे फक्त इंजिनाच्या कण्हण्यावरून आणि कानांत बसलेल्या दड्यांवरून कळत होतं. मधूनच एखादं वळण यायचं, जांभ्या दगडाचा कठडा दिसायचा आणि लगेच पुसला जायचा. हे माझ्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते. त्यांच्या हातांना भाजल्या हरभऱ्याचा वास यायचा. लग्नात हळद लावली तरी तो गेला नव्हता.

"गारपेठ अजून किती लांब आहे हो?" मी विचारलं.

आमच्या पुढच्या बाकावर एक धनगरीण बसली होती. पायाशी मधाचा डबा, डोक्यावर घोंगडीची खोळ. माझा प्रश्न ऐकून ती मागं न वळताच हसली.

"अगं मालन, तू कवापास्नं वाट इसरलीस? आन् आली कवा तू? सांगावा तरी धाडायचा. तुझी सासू रोज सांजच्याला स्टँडवर मानूस पाठवती. कुणी उतरलं का बगाया. डोळं तर गेलंच तिचं, पर वाट बगायची काय सोडत न्हाई. मी तिला म्हनलं बी..."

ह्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. बोलू नको, असा त्याचा अर्थ असावा. लग्नानंतर त्यांनी आपणहून मला लावलेला तो पहिला हात. बर्फासारखा गार होता.

मी हात सोडवून घेतला. "बाई, मी मालन नाही."

धनगरीण वळली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतलं गेलं, ओठांवरचं तसंच राहिलं.

"मंग ह्यो आवाज कुनाचा घिऊन आलीस?"

तिनं डबा छातीशी धरला, उठली, धडपडत पुढं ड्रायव्हरपाशी जाऊन उभी राहिली. पुढच्या वळणावर हाक मारून तिनं गाडी थांबवली आणि ती उतरली. तिथं ना वस्ती होती ना पायवाट. धुक्यात दोन पावलं गेली आणि दिसेनाशी झाली.

मी ह्यांना विचारलं, "मालन म्हणजे तुमची पहिली?"

त्यांनी मान हलवली.

"ती गेली असं तुम्ही आमच्याकडं सांगितलंत."

"गेली."

"मग ह्या सगळ्यांना ती जिवंत कशी वाटते?"

गाडीची चाल मंदावत मंदावत खिंडीपाशी पूर्ण थांबली. पुढचं काहीच दिसत नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, धुकं हलेपर्यंत गाडी हलायची नाही. उतारू खाली उतरले. खिंडीत देवीचं एक बुटकं देऊळ होतं. त्याच्या मागं कुणीतरी काटक्या पेटवल्या आणि सगळे त्याभोवती जमले. आम्ही दोघं कठड्यापाशी राहिलो. खाली दरी असावी. दिसत नव्हती, पण तिच्यातून वर येणारा गारठा पायांना कळत होता.

तिथं ते बोलले. पुढं आयुष्यभर ते इतकं सलग पुन्हा कधी बोललेले मला आठवत नाहीत.

"मालनच्या छातीत पाणी झालं होतं. मी तिला खाली मिरजेला नेली. तिथं ती गेली. तिथंच माती दिली. मी एकटा परत आलो. येताना ह्याच गाडीत ठरवत होतो, आईला कसं सांगायचं. दारात आई उभी. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, तिला मी दिसत नव्हतो. तिनं विचारलं, 'मालन कुठंय?' माझ्या तोंडून गेलं, माहेरी ठेवलीय, औषध चालू आहे. म्हटलं आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू. उद्या आई विचारायला लागली, आज कशी आहे? मी म्हणालो, आज दोन घास जेवली. मग रोज काही ना काही सांगत गेलो. एकदा आईला सांगितलं म्हणजे गावालाही तेच सांगावं लागलं. तिच्या माहेरचं कुणी उरलेलं नाही, त्यामुळं उलगडाही झाला नाही."

"किती दिवस?"

"दुसरा हिवाळा आहे हा."

मला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला, पण नंतर. त्या क्षणी मला फक्त दिसलं, की हा माणूस मेलेल्या बायकोला रोज थोडं थोडं बरं करत होता.

"आणि मला कशाला आणलंत?"

ते धुक्याकडे बघत राहिले. "बार्शीला दुसऱ्याच कामानं आलो होतो. मध्यस्थानं ओढून तुमच्या घरी नेलं. आतून तू बोललीस. चहात आलं घालू का, म्हणालीस." "आईला आता दिसत नाही. आवाजावरच चालतं तिचं. वर गेल्यावर तिनं मालन म्हणून हाक मारली, तर... ओ देशील? थोडे दिवस. म्हातारी फार दिवसांची सोबती नाही."

"आणि मी? मी कोण मग त्या घरात?"

त्यांनी कठड्यावरचा एक खडा दरीत ढकलला. मी विचारलं, "ती कशी बोलायची?"

"हळू. वाक्य संपता संपता आवाज खाली उतरायचा. पायरी उतरल्यासारखा."

त्यानंतर मी जे जे बोलले, त्याचा शेवट मला उतरताना ऐकू येऊ लागला. मी असंच बोलते, लहानपणापासून. माझी आईही असंच बोलायची. पण त्या खिंडीत, माझ्याच गळ्यातून दुसरंच कुणी पायऱ्या उतरत खाली दरीत चाललंय असं मला वाटलं, आणि मी तोंडावर पदर धरला.

वरून घंटी वाजवत एक गाडी आली. गारपेठेहून खाली जाणारी. तिचा कंडक्टर पुढं पायी चालत होता, बॉनेटवर थापा मारत ड्रायव्हरला वाट दाखवत होता. आमच्या गाडीशेजारी ती थांबली. कंडक्टरनं काटक्यांच्या शेकोटीवर हात धरून मोठ्यानं विचारलं, "कुणी खाली येणार आहे का?"

हे मला म्हणाले, "जायचं असलं तर जा. मी अडवणार नाही. तुला बार्शीला पोचवून, काकांच्या पाया पडून येईन. दोष माझा आहे म्हणून सांगेन."

मी खरंच दोन पावलं त्या गाडीकडे गेले. दाराच्या दांडीला हात घातला. आतली माणसं चादरींत गुंडाळून बसली होती. परत गेले तर काय होईल हे मला लख्ख दिसत होतं. आठवड्यात परत आलेली. ते नळावरचे पदर, ती आड जाणारी लेकरं. आणि ह्या वाटेवर मात्र एका अनोळखी बाईनं माझ्यावरून बोटं मोडली होती. तशी माया मला कुणी कधी केली नव्हती. ती माझ्यासाठी नव्हती हे मला ठाऊक होतं, तरी गालावर तिचा हात अजून जाणवत होता. बार्शीत माझ्या नावाची भीती. वर गारपेठेत दुसरीच्या नावाची माया. दांडी हातात धरून मी हेच तोलत होते.

"ताई, येताय का?" कंडक्टर म्हणाला.

मी दांडी सोडली. का, ते तेव्हाही सांगता आलं नसतं. एवढंच मनात आलं, की जी बाई संध्याकाळ झाली की स्टँडवर माणूस पाठवते, ती एकदा बघावी.

दुपार टळताना धुकं थोडं फाटलं आणि आम्ही गारपेठेत पोचलो. डोंगराच्या माथ्यावर एकच लांब बाजारपेठ, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाची, पत्र्याच्या छपरांची घरं. पावसापासून वाचवायला भिंतींना बांधलेले गवताचे तट्टे अजून उतरवायचे होते, त्यामुळं प्रत्येक घरानं घोंगडी पांघरल्यासारखं दिसत होतं. चपला शिवणारे, काठ्या कातणारे, मधवाले, सगळे ह्यांना रामराम करत होते आणि माझ्याकडे बघून गप्प होत होते. मी वाटभर तोंडातून शब्द काढला नाही. माझ्या आवाजाची मलाच भीती वाटायला लागली होती.

सासूबाई माजघरात शेगडीपाशी बसल्या होत्या. अंगानं वाळलेल्या, पण पाठ ताठ. गळ्यात लिंगाची चांदीची डबी. डोळ्यांवर दुधासारखी साय.

"आई, आणलं बघ," हे उंबऱ्यातून म्हणाले.

"कुनाला?"

हे माझ्याकडे बघत होते, आणि ते बघणं मला सहन होईना. भीक मागणारा माणूससुद्धा असा बघत नाही.

"मालनला आणलंस व्हय?" म्हातारीनं विचारलं.

मी पुढं जाऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "आत्याबाई, मी नीलावती. बार्शीच्या कोऱ्यांची."

शेगडीत निखारा फुटला. म्हातारीचा हात माझ्या डोक्याकडे येत होता, तो मधेच थांबला. ह्यांचा श्वास मला मागून ऐकू येत होता. मग तो हात उतरला, आणि चांगला जड होऊन माझ्या डोक्यावर बसला.

"गुरू," त्या म्हणाल्या, "भट्टीवर जा. गडी खोळंबल्यात."

"आई, मी तुला..."

"जा म्हनलं ना."

हे गेले. त्यांची पावलं गल्लीत विरेपर्यंत म्हातारीनं कान दिला. मग माझं मनगट धरून तिनं मला शेजारी बसवलं.

"बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"कायबी. बार्शीत कसला बाजार भरतो त्ये सांग."

मी सांगू लागले. ज्वारीचा बाजार, डाळींच्या गिरण्या, भगवंताच्या देवळाची वाट. ती डोळे मिटून ऐकत होती आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी गालांवर येत होतं. ते तिनं पुसलं नाही. खूप वेळानं म्हणाली, "पुरे. अगदी तिचाच हाय. देवाची करनी."

मग ती बोलायला लागली. तिचं बोलणं मला आजही शब्दन् शब्द आठवतं.

"पोर गेली त्ये मला त्याच दिवशी कळलं व्हतं. एकटा आला, दारात उभा ऱ्हायला. म्हनला, माहेरी ठिवलीय. माहेरी कोन हाय तिच्या? दिवा लावायला बी कुनी ऱ्हायलं न्हाई. मी आंधळी झाले, येडी न्हाई झाले. पर त्यो सांगंना, म्हनून मी इचारंना. रोज सांजच्याला म्हनायची, आज मालन कशी हाय रं? मंग त्यो सांगायचा. आज पेज प्याली. आज अंगनात बसली. सांगताना त्याचा आवाज कसा मऊ व्हायचा. तेवढा येळ तरी ती त्याच्यापाशी जित्ती असायची. म्हनून इचारायची. स्टँडवर मानूस धाडायची त्येबी म्हनूनच. माझ्यासाठी न्हवं, बाई."

मी म्हणाले, "ते म्हणतात, तुमच्यासाठी मला आणलं."

म्हातारी हसली. फार वाईट हसली.

"त्याला तसंच वाटतंय. खोटं न्हाई बोलत त्यो. पर आता बग तू. भट्टीवरनं यील, उंबऱ्याशी उभा ऱ्हाईल, डोळं मिटंल आन् म्हनंल, पानी दे. मालन आतनं म्हनायची, 'आणते हं.' ती गेल्यापास्नं रोज तसाच उभा ऱ्हातो. मी उठून पानी देते. तेवढ्यासाठी आणलंय तुला. त्याचं त्यालाबी ठावं न्हाई." तिनं माझं मनगट सोडलं. "ओ द्यायची का न्हाई, तुझं तू ठरीव. मी काय सांगनार न्हाई."

दिवेलागणीला हे आले. मी स्वयंपाकघरात होते. मधल्या दारातून मला ते दिसत होते, त्यांना मी दिसत नव्हते. उंबऱ्याबाहेर चपला निघाल्या. ते चौकटीला खांदा टेकून उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले.

"जरा पाणी दे," ते म्हणाले.

घरात कुठंच आवाज नव्हता. म्हातारी शेगडीपाशी मान एका बाजूला कलती करून बसली होती. माझ्या जिभेवर 'आणते' हा शब्द आलेला होता. कोणत्याही बायकोच्या जिभेवर येतो तसा. त्यात काही पाप नव्हतं. पण त्या मिटल्या डोळ्यांवर जी शांतता पसरली होती, तिच्यात माझ्यासाठी तसूभर जागा नव्हती.

मी काही बोलले नाही. तांब्या भरला, माजघर ओलांडलं आणि त्यांच्या अगदी समोर, हाताच्या अंतरावर जाऊन उभी राहिले. ते वाट बघत होते. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं, आणि मगच मी म्हणाले, "घ्या."

त्यांनी तांब्या घेतला. थोडं पाणी माझ्या पायावर सांडलं. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. लग्नानंतर पहिल्यांदाच, मला वाटतं.

तेव्हापासून मी ते पाळलं. ह्यांना मी आतून कधी हाक मारली नाही, आतून कधी ओ दिली नाही. काही सांगायचं असलं की हातातलं काम टाकून समोर जायचं, त्यांची नजर माझ्यावर येऊ द्यायची, मग बोलायचं. आत्याबाई आणखी सहा वर्षं जगल्या. त्या मला नीला म्हणत. लेक झाली, तिला मी अंगाई म्हटली तीसुद्धा हे दुकानात असताना. गावाला वाटायचं, शेट्यांची सून अबोल आहे. वळणावर उतरून गेलेली ती धनगरीण पुढं आमच्याकडं मध घालायला लागली, पण मी बोलू लागले की अजूनही मान फिरवायची. पुढं घरी फोन आला, तेव्हा त्याच्यापासूनही मी लांबच राहिले. वाजला तर लेक घ्यायची, नाहीतर शेजारची कुणी.

ह्यांना छातीच्या ऑपरेशनसाठी पुण्याला नेलं, तेव्हा लेक आणि जावई त्यांच्याबरोबर गेले. मी घरी एकटी होते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी फोन वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. शेजारी कुणी नव्हतं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी हात धुतले, पदराला पुसले आणि पहिल्यांदाच तो काळा रिसीव्हर उचलून कानाला लावला. पलीकडे खरखर होती, आणि त्या खरखरीत कुणीतरी श्वास घेत होतं. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले.

"नीला," हे म्हणाले.

मी अजून काहीच बोलले नव्हते.